व्हॅनच्या छतावर कोणतं सोलर पॅनल? मोनो, पॉली, फ्लेक्सिबल, घडीचं...

चाकावरची

नमस्कार मंडळी. जुनी फोर्स ट्रॅव्हलर घेतली आहे आणि भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये तिची कॅम्परव्हॅन करणं चालू आहे. आतलं लाकूडकाम उरकत आलंय, गाडं अडलंय ते छतावर. व्हेंट फॅनसाठी पत्रा कापून झाला. त्याच्या मागे साधारण दीड मीटर बाय दीड मीटर सपाट जागा उरते आणि पुढे एक लहान तुकडा.

आता सल्ले ऐका. वर्कशॉपवाला म्हणतो, फ्लेक्सिबल पॅनल चिकटवून टाकू, ना वजन ना वाऱ्याची कटकट. दुकानदार म्हणतो, आपल्या उन्हाळ्यात पॉलीच (सेलमध्ये अनेक स्फटिक) टिकतं, मोनो (एकच स्फटिक) थंड देशांसाठी. चुलतभाऊ म्हणतो, घरावरचं ५४० वॉटचं एकच टाक आणि मोकळी हो. व्हिडिओंमध्ये टॉपकॉन, एचजेटी, बायफेशियल असली नावं येतात ती वेगळीच.

वापर: ४५ लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज, फॅन, दोन लॅपटॉप (दोघंही गाडीतूनच काम करणार), दिवे, राउटर, पाण्याचा पंप. स्वयंपाक गॅसवर. बॅटरी १२.८ व्होल्ट, २०० एएच लिथियम फॉस्फेट, ती घेऊन झाली. फिरणं कोकण, विदर्भ, हिवाळ्यात राजस्थान, आणि स्पिती जमलं तर जमलं. जाणकारांनी प्रकाश टाकावा (फुकटात मिळाला तर उत्तम).

वायरमनमामा

ताई, प्रकार नंतर. आधी हिशेब.

फ्रिज उन्हाळ्यात ५०० वॉट-अवर धरा. लॅपटॉप सरासरी ३५ वॉटचा, दोन, आठ तास, म्हणजे ५६०. फॅन २५० च्या आसपास. बाकी किडुकमिडुक १५०. दिवसाला साधारण १४५० वॉट-अवर लागणार. महाराष्ट्रात पावसाळा सोडला तर दिवसाला पाचेक तास पुरं ऊन धरायला हरकत नाही. त्यातून ऊष्णता, धूळ, वायर, कंट्रोलर यांचा वाटा काढला की ७० टक्के हाती लागतं. म्हणजे ४०० वॉटचं पॅनल असेल तर ४०० गुणिले ५ गुणिले ०.७, झाले १४००. तुमचं गणित जेमतेम जुळतंय.

तुमच्याकडे अडचण पैशाची नाही, जागेची आहे. प्रमाणित चाचणीत चौरस मीटरला १००० वॉट ऊन धरतात. २१ टक्के कार्यक्षमतेचं मोनो त्यातले २१० वॉट देतं, १६ टक्क्यांचं पॉली १६०. सव्वादोन चौरस मीटर छतावर हा फरक शंभर वॉटच्या वर जातो. शेतात पंपासाठी जागा पडलेली असते तिथे पॉली चालून गेलं. व्हॅनवर नाही चालत. शिवाय पॉली आता फारसं कोणी बनवत नाही, दुकानदाराला जुना माल खपवायचा असणार.

आणि 'उन्हाळ्यात पॉली चांगलं' हे तर उलटंच आहे. पॅनलची वॉटं २५ अंशांच्या सेलवर मोजलेली असतात. छतावर मे महिन्यात सेल ७० अंशांवर सहज जातो, म्हणजे वर ४५ अंश. पॉली दर अंशाला सुमारे ०.४० टक्के गमावतं, मोनोमधलं साधं पर्क ०.३५, मोनोचेच नवे प्रकार टॉपकॉन ०.३० आणि एचजेटी ०.२५ च्या आसपास. पॉलीचे १८ टक्के गेले, पर्कचे १६, एचजेटीचे ११. त्यामुळे टॉपकॉन, एचजेटी भाव बघून जमलं तर घ्या, पण त्यासाठी मुंबई-दिल्ली करू नका.

तिरकस

मामांनी पाटी-पेन्सिल काढली. आता धागा शंभरी गाठणार.

ताई, कोणतंही घ्या, महाबळेश्वरात त्यावर माकडं बसणारच आहेत.

फिनिक्सकर

मी अॅरिझोनात असतो, आमच्याकडे सेकंडहँड ट्रेलर आहे. फ्लेक्सिबलबद्दल बोलायला इथले लोक हक्काचे आहेत, कारण उन्हाने ते कसं मरतं ते इथे छताछतावर बघायला मिळतं.

आधीच्या मालकाने छतावर शंभर-शंभर वॉटची दोन फ्लेक्सिबल पॅनलं सीलंटने चिकटवली होती. आम्ही घेतला तेव्हा वरून ठीक दिसत होती. जवळून पाहिलं तर एका कोपऱ्यात पृष्ठभाग दुधाळ झालेला आणि सेलवरून गोगलगाय फिरून गेल्यासारख्या तपकिरी रेघा. सेलला बारीक तडा गेला की तिथे अशा रेघा उमटतात. मीटर लावला तर ऐन दुपारी दोन्ही मिळून ७० वॉटसुद्धा देत नव्हती. खरी मजा काढताना आली. पॅनलसोबत छताचा रबरी थर उचकटून निघाला आणि खाली ओलं प्लायवूड.

यात सेलचा दोष नसतो. आत मोनोच असतं, नुसती वरची काच नसते. काच गेली की सेलला आधार जातो, आणि पोटाशी हवा नाही म्हणून तापमान ८०-८५ वर जातं. वर पीईटी प्लास्टिकचा थर असेल तर तो लवकर पिवळा पडतो. ईटीएफई प्लास्टिकचा बराच बरा, पण खालच्या उष्णतेवर त्याच्याकडेही इलाज नाही. काचेचं पॅनल २५ वर्षांच्या वॉरंटीने विकतात आणि चिकटवलेलं फ्लेक्सिबल तीन-चार उन्हाळे काढेल तर नशीब. त्यात काचेचं पॅनल छतापासून दोन इंच उचललेलं असलं की ते छतावर सावली धरतं. चिकटवलेलं पॅनल तीच ऊष्णता गाडीत पाठवतं. विदर्भात जाणार म्हणताय ना?

फ्लेक्सिबलला जागा आहे. पॉप-टॉपचं उचलायचं छत, गोलाकार फायबरचं छत, वजन न सोसणारी लहान गाडी. शंभर वॉटचं काचेचं सहा-सात किलो भरतं, फ्लेक्सिबल दोनेक किलो. ट्रॅव्हलरच्या पोलादी छताला हा प्रश्नच नाही.

चाकावरची

बाप रे, ओलं प्लायवूड. वर्कशॉपवाल्याला हा प्रतिसाद वाचून दाखवणार आहे.

थिन फिल्म नावाचं अजून एक ऐकलं. ते सावलीत आणि ढगातही चालतं म्हणे?

फिनिक्सकर

इथे एकेकाळी त्याची चलती होती. युनिसोलर कंपनीच्या अॅमॉर्फस सिलिकॉनच्या लांबलचक पट्ट्या मिळायच्या, मागचा कागद सोलून थेट पत्र्यावर चिकटवायच्या. ६८ वॉटची पट्टी पावणेतीन मीटरच्या पुढे लांब! उष्णतेत हा प्रकार खरंच कमी गळतो आणि एखाद्या कोपऱ्यावर सावली पडली तर पूर्ण झोपत नाही. पण चौरस मीटरला जेमतेम साठ-सत्तर वॉट. शिवाय नव्याचे नऊ दिवस: सुरुवातीच्या काही महिन्यांत उन्हानेच त्याची ताकद उतरते आणि मग स्थिरावते. कंपनी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. आता सीआयजीएस नावाची वाकणारी पॅनलं मिळतात, ती १५ टक्क्यांच्या आसपास जातात, पण महाग. तुमच्या छतावर थिन फिल्म लावली तर लॅपटॉप एकच चालेल. कोणाचा, ते घरात ठरवा.

हापूसप्रेमी

कोकणवाल्याची पिंक. तुम्ही सगळे ऊन ऊन करताय, पण आमच्याकडे एप्रिलात गाडी उन्हात कोण उभी करणार? माणसं आत उकडून निघतील. गाडी आंब्याखालीच लागणार. मग छतावरची ४०० वॉट काय कामाची?

छतावर थोडं आणि घडीचं पॅनल सोबत, असं का नाही करत? शंभर-दीडशे वॉटचं घडीचं पॅनल लांब वायर जोडून अंगणात टाकायचं, गाडी सावलीत. दुपारी एकदा उठून तोंड फिरवलं की झालं. जमिनीवर धूळ पुसायलाही सोपं.

आणि समुद्राकाठी राहणार असाल तर फ्रेम आणि नटबोल्टांकडे बघा. खारं वारं लोखंड खातं. सॉल्ट मिस्टची चाचणी, आयईसी ६१७०१, पास असलेलं पॅनल घ्या, बोल्ट स्टेनलेसचे. पावसाळ्याचं म्हणाल तर जुलैत छतावर चौथाई मिळाली तरी देवाला नारळ द्या.

तिरकस

घडीचं पॅनल अंगणात टाकून दुपारी डुलकी काढली की उठल्यावर फक्त वायर उरते.

वायरमनमामा

हापूसप्रेमींचा मुद्दा रास्त आहे. सावलीबद्दल नीट सांगतो, कारण पॅनलच्या प्रकारापेक्षा इथेच जास्त वीज जाते.

'१२ व्होल्टच्या' पॅनलमध्ये बहुधा ३६ सेल एका माळेत असतात. मध्ये दोन बायपास डायोड (सावलीतल्या सेलांना वळसा देणारे), एकेक १८ सेलांचा. एखाद्या सेलवर व्हेंट फॅनच्या टोपणाची सावली पडली की त्याच्या वाट्याचे १८ सेल बाजूला पडतात. उरलेल्या १८ सेलांचा दाब नऊ-दहा व्होल्ट. बॅटरी तेरा व्होल्टवर बसलेली. नऊ व्होल्टने तेरात पाणी चढत नाही! म्हणजे सावली तळहाताएवढी आणि पॅनल अख्खं गेलं.

आता सगळीकडे सांगतात, सावली असेल तर पॅनलं पॅरलल (समांतर) जोडा. एक पॅनल पूर्ण सावलीत आणि एक उन्हात असेल तर ते बरोबर आहे. पण व्हॅनवर सावली फॅनची, कॅरियरची, एखाद्या फांदीची असते, तुकड्यातुकड्यांत. दोन पॅनलं सीरिजमध्ये (एकामागे एक) असतील तर चारांपैकी एक तुकडा गळला तरी उरलेल्या तिघांचा दाब २७ व्होल्ट राहतो आणि एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलमधून जास्तीत जास्त वॉट मिळतील तो दाब शोधणारा) त्यातून चार्जिंग करतो. पॅरललमध्ये तेच पॅनल शून्य.

फिनिक्सकर

मामा, इथे थोडा असहमत. स्वस्तातले एमपीपीटी अशा वेळी चुकीच्या शिखरावर, म्हणजे कमी वॉटच्या दाबावर, अडकून बसतात आणि सीरिजमध्ये उलट जास्त गमावता. माझा अनुभव पॅरललच्या बाजूने आहे.

वायरमनमामा

स्वस्तातल्या कंट्रोलरचं मान्य. पण मग कंट्रोलर चांगला घ्यावा, जोडणी का बदलावी? वायरचाही हिशेब बघा. सीरिजमध्ये साडेदहा अँपियर, ६ स्क्वेअर एमएमची वायर, जाऊन-येऊन दहा मीटर: तोटा एक टक्क्याच्याही आत. पॅरललमध्ये अँपियर दुप्पट आणि दाब निम्मा, तोटा साडेतीन टक्के.

पीडब्ल्यूएम कंट्रोलर मात्र घेऊ नका. तो पॅनलला बॅटरीच्या दाबावर खाली ओढतो. २०० वॉटच्या पॅनलमधून १४० हाती येतात. पॅनलच्या प्रकारासाठी भांडायचं आणि इथे साठ वॉट सांडायचे, याला काय म्हणावं.

प्रश्नचिन्ह

वाचतोय. घराच्या ५४० वॉटवाल्या पॅनलबद्दल कोणी बोललंच नाही. तेच तर सगळ्यात स्वस्त? आणि सूर्यघरची सबसिडी व्हॅनला मिळेल का?

वायरमनमामा

सबसिडी नाही. पीएम सूर्यघर योजना (फेब्रुवारी २०२४) ग्रीडला जोडलेल्या घरांच्या छतासाठी आहे. तीन किलोवॉट आणि वर ७८,००० रुपये मिळतात ते घराला, चाकांवरच्या घराला नाहीत. दिलासा एवढाच की २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅनलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, बिल घेताना बघून घ्या.

५४० वालं साधारण २२७८ मिमी लांब, ११३४ रुंद, वजन २७-२८ किलो. ताईंच्या दीड मीटरच्या जागेत ते बसतच नाही. बसलं असतं तरी मी घाबरत घाबरत लावलं असतं. घराचं छत हलत नाही. घाटातल्या खड्ड्यात एक चाक गेलं की गाडीचं अंग पिळतं, आणि सव्वादोन मीटर काचेला ते सोसावं लागतं.

फिनिक्सकर

इथे तर हजारो लोक घराचीच पॅनलं ट्रेलरवर लावतात, वॉटमागे भाव निम्म्याहून कमी. खाली लांबीभर अॅल्युमिनियमची रेल टाकली की पिळ्याचा प्रश्न राहत नाही. हाफ-कट (अर्धे कापलेले) सेल असल्याने खालच्या अर्ध्यावर सावली आली तरी वरचा अर्धा चालू राहतो, हा वरचा फायदा. पण जागाच नसेल तर विषय संपला. बायफेशियलवरही (दोन्ही बाजूंनी ऊन घेणारं) इथेच काट मारा, छताला पाठ लावलेल्या पॅनलच्या पाठीला ऊन कुठून मिळणार?

दक्षिणायन

न्यूझीलंडहून. आमच्याकडे मोटारहोमवाले पॅनल तिरकं उभं करतात, उत्तरेकडे तोंड करून. आपल्याकडे तशी सोय करावी का, हा प्रश्न येईलच म्हणून लिहिते. पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावली दिवस येतो, सूर्य थेट डोक्यावर. डिसेंबरात सुद्धा दुपारचा सूर्य ४८ अंशांवर असतो. आडव्या पॅनलचं फार नुकसान नाही.

फिनिक्सकर

+१. आमच्या क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात हिवाळ्यात ट्रेलरांची जत्रा भरते, सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत सरकारी जमिनीवर मुक्काम करता येतो. तिथे डिसेंबरात दुपारचा सूर्य ३३ अंशांवर. आडव्या पॅनलवर थेट उन्हाचा जेमतेम निम्मा भाग पडतो, म्हणून सगळ्यांची पॅनलं तिरकी उभी. ताईंना राजस्थानात थोडा फरक पडेल, पण बिजागऱ्या लावून रोज छतावर चढण्याएवढा नाही.

हापूसप्रेमी

एक विसरतो आहोत. ही मंडळी गाडी चालवणार आहेत ना? अल्टरनेटरवरून ३० अँपियरचा डीसी-डीसी चार्जर लावला तर तासाला ४०० च्या आसपास वॉट-अवर येतात. रोज दोन तास चालवलं तर निम्म्याहून जास्त गरज भागली. पावसाळ्यात तर तोच खरा आधार.

चाकावरची

हे सगळं वहीत उतरवलंय. स्पितीबद्दल कोणी सांगेल का? थंडीत पॅनल बरं चालतं म्हणतात.

वायरमनमामा

चालतं, पण दोन गोष्टी सांभाळा. थंडीत पॅनलचा व्होल्टेज वाढतो, अंशाला ०.२८ टक्के धरा. २०० वॉटच्या दोन पॅनलांचा उघडा (काही न जोडता मोजलेला) व्होल्टेज सीरिजमध्ये ४६ च्या आसपास, उणे १५ ला तो ५१ होतो. १०० व्होल्टच्या कंट्रोलरला काहीच नाही. पण कोणी २२ व्होल्टची तीन पॅनलं सीरिजमध्ये टाकून ७५ व्होल्टचा कंट्रोलर लावला, तर ६६ चे उणे ३० ला ७६ होतात. तिथे सकाळच्या पहिल्या उन्हात कंट्रोलर जळतो, आणि वॉरंटीवाले हात वर करतात.

दुसरं, लिथियम फॉस्फेट बॅटरी शून्याच्या खाली चार्ज करायची नसते. बीएमएसमध्ये (बॅटरी सांभाळणारं सर्किट) लो-टेम्परेचर कटऑफ आहे का, हे आजच तपासा. नसेल तर बॅटरी गाडीच्या आतच ठेवा, शिडीखालच्या पेटीत नको.

तिरकस

आरटीओचं काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाही. ताई, पॅनल बसवण्याआधी कॅम्परव्हॅन म्हणून आरसीवर चढवून घ्या, नाहीतर पहिला मुक्काम पोलीस चौकीत. (हा प्रतिसाद खरंच गंभीर आहे.)

चाकावरची

तिरकसदादा, एजंटकडे कागद दिलेत, आरसीचं काम चालू आहे.

तर ठरलं असं. २०० वॉटची मोनोची दोन काचेची पॅनलं, १४८० बाय ६७० मिमीची. शेजारी शेजारी ठेवली की १४८० बाय १३४०, दीड मीटरच्या चौकोनात नेमकी. सीरिज, मामांच्या म्हणण्याप्रमाणे. (फिनिक्सकर, रागावू नका, फॅन पुढे आहे आणि सावली तुकड्यातच पडणार.) टॉपकॉन आणि पर्कमध्ये पुण्याच्या दुकानात भावात फारसा फरक दिसला नाही, म्हणून टॉपकॉन. डीसी-डीसी चार्जर बसवतोय. घडीचं पॅनल पहिल्या कोकणवारीनंतर, खरंच लागलं तर.

पुढच्या लहान तुकड्यात शंभर वॉटचं एक बसतं. तेही सीरिजमध्ये टाकू का?

वायरमनमामा

अजिबात नाही. शंभरवाल्याचा करंट साडेपाच अँपियर, दोनशेवाल्यांचा साडेदहा. सीरिजमध्ये धीम्या बैलाच्या चालीने सगळी गाडी चालणार. लावायचंच तर त्याला स्वतंत्र लहान कंट्रोलर, बॅटरी तीच.

मुख्य कंट्रोलर १०० व्होल्ट, ३० अँपियरचा घ्या, ४०० वॉटला तेवढा लागतोच. ७५ व्होल्ट, १५ अँपियरवाल्यावर थांबलात तर दोनशेच वॉट मिळतील.

चाकावरची

घेते. आणि बसवायचं कसं? वर्कशॉपवाला दोन्ही बाजूंचा फोम टेप म्हणतोय.

वायरमनमामा

नुसत्या टेपवर नाही. छताच्या पत्र्याला आतून ज्या आडव्या पट्ट्या आहेत त्यांच्यावर रिव्हनट (पत्र्यात पक्के बसणारे नट) मारा, लांबीभर अॅल्युमिनियम रेल, भोकांना पीयू सीलंट, मग पॅनल. छतापासून चाळीस-पन्नास मिमी वर. पुढची कड वाऱ्याला उघडी ठेवू नका, एक्सप्रेसवेवर खालून वारा शिरला की उचलतं. तिथे तिरकी पट्टी लावा. एमसी४ (पॅनलच्या वायरींचे) कनेक्टर दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे, मिसळ केली की सैल बसतात आणि वितळतात.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल, मग बॅटरी. उलट केलंत तर काही कंट्रोलर नेमका व्होल्टेज ओळखत नाहीत.

चाकावरची

फ्यूज पॅनलकडे की बॅटरीकडे?

वायरमनमामा

बॅटरीकडे, पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरात, ४० अँपियरचा. तिथून कंट्रोलरपर्यंतची वायर जाड घ्या, १० स्क्वेअर एमएमच्या खाली नको. पॅनलच्या बाजूला एक डीसी आयसोलेटर (पॅनल तोडायचा स्विच) ठेवा, कंट्रोलर उघडायची वेळ आली तर छतावर ताडपत्री टाकायला चढावं लागणार नाही.